लिंबाजी मिस्त्रीची घोडी

लिंबाजी मिस्त्री प्लायची शीट कापायच्या आधी तिला झोपवायचे. हे मी गमतीनं म्हणत नाही, शब्द त्यांचाच आहे. आठ बाय चारची ती धिप्पाड शीट आडवी ठेवायची, चारी बाजूंनी फिरून तिच्यावरून तळहात फिरवायचा, आणि मग कुणाला खोकला आला तरी हातानंच गप्प करायचं. "शीट झोपली पायजे, वैनी. आपुन कापून राह्यलो हे तिला कळाय नको. जागी असली की अंग चोरती, आन करवत धरून ठिवती." कुणी हसलं तर ते रागवायचे नाहीत. हसणं संपेपर्यंत करवत मांडीवर घेऊन नुसते बसून राहायचे.

आमच्या घनसावंगीत सुतार पुष्कळ, पण दुकान नसलेला सुतार हा एकच. लिंबाजी मिस्त्री आपलं दुकान लुनावर घेऊन फिरायचे. पुढं हत्यारांची पिशवी आणि मागं पोत्यात गुंडाळलेलं, त्यांनीच बनवलेलं एक घडीचं बाकडं. उघडलं की चार पायांवर उभं, मिटलं की काखेत. अशा बाकड्याला सगळेच सुतार घोडी म्हणतात, त्यात नवल नाही. पण हे तिला खरोखरच घोडीसारखं वागवायचे. उन्हात उभी करायचे नाहीत. तिच्यावर कुणी टेकलं, तर "जनावर हाय का बाकडं हाय ते बघून टेका" म्हणायचे. काम संपलं की फडक्यानं तिचे पाय पुसायचे आणि आमच्याकडं बघून सांगायचे, "दमली आज."

या माणसानं माझ्या दिराच्या लग्नात माझ्या डोक्याचा पार भुगा केला. तेच सांगते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं घर म्हणजे पुढं एक लांबट खोली, मागं स्वैपाकघर, वर पत्रे आणि समोर अंगण. माणसं चार : आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, आमचे हे, धाकटे दीर दिगूभावजी, आणि मी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी खोलीबिली विचारलीच नव्हती. नवऱ्याशी बोलायचं तर विहिरीच्या वाटेवर, नाहीतर मुद्दाम भांडण काढून. भांडणाच्या निमित्तानं मी घरातल्या सगळ्यांदेखत त्यांना काय काय सांगून घेतलं, ते माझं मला माहीत.

दिगूभावजींच्या लग्नाची बैठक भोकरदनला मुलीकडं बसली होती. सगळं जमत आलं, आणि मुलीची आई पदर सावरत एकदम म्हणाली, "आमच्या उषाला तिकडं येगळी खोली हाय ना?" आमचे किसनमामा, म्हणजे यांचे मामा, बैठकीतले पुढारी. ते लगेच म्हणाले, "खोली? अहो, ऐसपैस हाय!" मुलीच्या आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडं वळली. "ताई, तुमी सांगा." चहाचा ट्रे हातात घेतलेली उषा दारातच थांबली आणि मान वर करून माझ्याकडं बघायला लागली. पोरीचे डोळे असे होते की मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी म्हणाले, "असेल."

घरी येताना टेम्पोत मामा म्हणाले, "काय झकास उत्तर दिलं सूनबाई!" मी म्हणाले, "उत्तर कसलं मामा, शब्द दिलाय मी." त्या दिवसापासून मी घरात एकच धोशा लावला : पुढच्या खोलीत प्लायची भिंत घालायची, तिला दार करायचं, दाराला आतून कडी लावायची. आत्याबाई म्हणाल्या, "आतून कडी कशाला? चोर काय आतून येतेत?" मी म्हणाले, "आत्याबाई, कडी आतूनच." माझा आवाज ऐकून त्या उठून चुलीकडं गेल्या.

जालन्याहून मोजून चार शीटा आणल्या. जास्तीची एकही नाही. आणि काम दिलं लिंबाजी मिस्त्रींना, कारण बाकीचे सगळे लग्नसराईत अडकलेले. तिथंच माझी परीक्षा सुरू झाली.

पहिल्याच शीटला अडचण उभी राहिली. घोडी दोन हात लांबीची आणि शीट चांगली आठ फुटी. दोन्हीकडून ती लोंबायला लागली. लोंबती शीट कापायची तर दुसरं टोक कुणीतरी धरायला पाहिजे. आमचे हे पुढं झाले. मिस्त्रींनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, सोडणार न्हाई ना?" हे म्हणाले, "म्या काय लहान लेकरू हाय का?"

करवत चालू झाली. भुसा पडायला लागला. शीट अर्धी कापली, पाऊण कापली, वीतभर राहिली. इतक्यात फाटकापाशी यांच्या सोसायटीतले कुणीतरी सायकल थांबवून म्हणाले, "रामराम, साहेब!" आणि आमच्या नवऱ्यानं, आयुष्यात कधी कुणाचा रामराम मोकळा जाऊ न देणाऱ्या त्या सज्जन माणसानं, दोन्ही हात जोडले.

कड्कन आवाज झाला. कापलेली पट्टी खाली गेली आणि जाताना शीटचा कोपरा सालपटासकट सोलून घेऊन गेली. सायकलवाला निघून गेला. हे अजून हात जोडूनच उभे. मी तोंडाला येईल ते बोलले. मिस्त्री मात्र खाली बसले. त्यांनी तो फाटका कोपरा बोटानं चाचपला आणि म्हणाले, "जागी झाली." मग करवत पुसून पिशवीत घातली.

"अहो, निघालात कुठं?" मी दारात आडवी झाले. "लग्न तोंडावर आलंय!"

"धरणारा माणूस शेवटाला सोडतोच, वैनी. त्यात साहेबाचा गुन्हा न्हाई. माणसाला रामराम येतो, शिंक येती, माशी बसती. लाकडाला ह्यातलं काही येत न्हाई." त्यांनी घोडीकडं बघितलं. "आता घोडीलाच हात करतो. मंग माणूस लागायचा न्हाई."

"किती वेळ लागेल?"

"घाई न्हाई," मिस्त्री म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. ते स्वतःच्या घाईबद्दल बोलत असायचे, समोरच्याच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी आले ते भिंतीचं काम बाजूला ठेवून घोडीपुढं बसले. तिच्या पाटाखालून दोन्हीकडं लांब दांडे सरकवून बाहेर काढायचे, दांड्यांच्या टोकाला बिजागरीवर मिटणारे पाय लावायचे, म्हणजे अख्खी शीट त्यावर आडवी पडेल आणि कापलेला तुकडाही जागच्या जागी राहील, असा त्यांचा बेत. तो त्यांनी मला काडीनं अंगणात काढून दाखवला. बेत चांगला होता, पण लग्नघरी तो मला ऐकवेना. त्यात त्यांना लाकूड पाहिजे होतं. घरात फिरून आले आणि माळ्यावरच्या पाळण्यापाशी थांबले. पाळण्याच्या कठड्याला त्यांनी नुसता हात लावला असेल, तोच आत्याबाई वाघिणीसारख्या आल्या. "मेल्या, लग्नघरात पाळण्याला करवत लावतोस? उद्या सून यायची हाय माझी!" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सागवान हाय म्हणून बघितलं, आक्का." शेवटी मी मामंजींची, माझ्या वारलेल्या सासऱ्यांची, जुनी, वीण गेलेली बाज अंगणात ओढून आणली. चार दांडे, चार पाय. मिस्त्रींचा चेहरा असा फुलला की जणू त्यांच्यासाठीच कुणी ती बाज मोडून ठेवली होती.

त्याच सकाळी किसनमामा आले. मामांकडं लग्नातलं एक मोठं काम होतं : सून घेऊन वऱ्हाड परत आलं की मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत वरात निघणार, त्यासाठी जांबच्या घोडीवाल्याकडून घोडी ठरवायची. मामा घाईत होते. फाटकातूनच त्यांनी यांना विचारलं, "काय रे, घोडीचं काय झालं? आईनं काही सांगितलं का?"

हे आदल्या दिवसापासून माझ्या बोलण्याचा मार खाऊन वैतागलेले. म्हणाले, "घोडीचंच चाललंय मामा सकाळपासून. अंगणातच हाय. पाय लावून राह्यले."

"नाल म्हणतोस का?"

"ते काय म्हणतेत ते मिस्त्रीलाच इचारा. उद्यापर्यंत उभी राहती म्हणून सांगितलंय."

"मजबूत हाय ना? दोन माणसं बसतील ना?"

"आख्खी शीट पेलती म्हणतेत," हे म्हणाले.

मामांनी 'शीट' ऐकलं की 'सीट' ऐकलं, देव जाणे. "वा! मंग जांबला सांगायचं काम वाचलं माझं," म्हणाले आणि गेले. हे करवतीच्या आवाजात पुन्हा आपल्या कामाला लागले. मी स्वैपाकघराच्या दारात चुडे मोजत होते, आणि मामांचं कुठलं काम वाचलं, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

घोडी खरंच उभी राहिली. दांडे बाहेर ओढले की ती अंगणभर पसरायची, आत सारले की पुन्हा काखेत मावायची. पण अंगण सारवलेलं, उंचसखल. म्हणून मिस्त्रींनी मला चहा मागितला. बशी काठोकाठ भरून ती त्यांनी कोऱ्या शीटच्या मधोमध ठेवली आणि वाकून बघत बसले. चहा ज्या बाजूला सांडायला बघेल त्या बाजूच्या पायाखाली पाचर. पुन्हा बघायचं. चहा सरळ उभा राहिला की तपासणी झाली, आणि तपासणी झाली की तीच उचलून प्यायची. माझ्या जिवाची नुसती घालमेल. डाग पडला तर? "डाग पडला तं आतल्या अंगाला घेऊ," मिस्त्री म्हणाले.

एवढं होईपर्यंत वऱ्हाड निघायचा दिवस उजाडला. भिंत अर्धी, दार नाही, आणि सुताराला घरात एकटं सोडून जायचं कसं? कुणीतरी मागं राहायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मोठी वहिनी मी! दिराच्या लग्नात मिरवायचं सोडून मी अंगणात, भुश्यात, लिंबाजी मिस्त्रींसमोर बसले. टेम्पो गेला तेव्हा मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. मिस्त्रींनी ते बघितलं आणि करवत घेऊन गुपचूप घोडीपाशी गेले.

कबूल करते, त्या घोडीवर शीटा लोण्यासारख्या कापल्या गेल्या. एकही कोपरा उडाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंत पत्र्याला भिडली. राहिलं फक्त दार, आणि राहिली एकच शीट. ही बिघडली की संपलं. दाराशिवाय खोली म्हणजे नुसता आडोसा, आणि आडोसा मी कबूल केला नव्हता.

आणि नेमकं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वैनी, कापूस हाय का?"

"कशाला?"

"जुन्या गादीतला बी चालंल."

"मिस्त्री, वऱ्हाड आज येणार आहे! दार कापा, दार!"

"दार कापतोच. पैले कापूस."

भांडायला वेळ नव्हता. आत्याबाईंची जुनी गादी मी उसवून दिली. त्यांनी भिंतीच्या आतल्या अंगानं, चौकटीच्या खणांत तो कापूस ठासून भरला आणि वरून चटया ठोकल्या. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. मी येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक ठोक्याला माझं डोकं ठणकत होतं. इतक्यात कोपऱ्यावरचे किराणावाले फाटकातून ओरडले, "वहिनी, फोन आलता! वऱ्हाड जालन्यातून निघालं!"

मी ओरडले, "मिस्त्री, ऐकलंत का?"

"ऐकलं." त्यांनी शेवटची शीट उचलून घोडीवर घातली. तळहात फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. "चहा?"

मी दात ओठ खात चहा केला. बशी ठेवली. चहा डावीकडं सरकला. पाचर. पुन्हा. शेवटी माझा धीर सुटला. "राहू द्या ती बशी! मी धरते एक बाजू! मी नाही सोडणार!"

"म्हाईत हाय. तुमी सोडणार न्हाई," मिस्त्री म्हणाले. "तुमी आवळून धरणार. आवळून धरलं तरी शीट जागी हुती." आणि त्यांनी तपासणी पिऊन टाकली.

करवत लागली. लांबच्या लांब कापायचं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सावल्या अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. दिवस मावळायच्या आत सून उंबऱ्याच्या आत आली पाहिजे, असं आत्याबाईंनी निघताना तीन तीनदा बजावलं होतं. करवत निम्म्यावर आली असेल, आणि लांबून वाजंत्री ऐकू आली. मारुतीच्या देवळाकडून.

आले!  देवळापासून घर असं किती लांब असणार! मिस्त्रींनी करवतीचा वेग एवढासाही वाढवला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलाही ते थांबले नाहीत. आणि मग वाजंत्री एकाएकी बंद पडली, आणि गल्लीतून धापा टाकत, फेटा सावरत किसनमामा अंगणात शिरले.

"सूनबाई! घोडी द्या जल्दी! नवरानवरी देवळापाशी खोळंबली!"

"कसली घोडी?"

"अहो, घोडी! तुमच्या अंगणात नाल लावत व्हते ती!" मामांनी चहूकडं बघितलं. "कुठं बांधली?"

मला क्षणभर काही उमगेना. उमगलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. मी बोटानं दाखवलं. "ही काय."

मामा त्या पसरलेल्या लाकडी सांगाड्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "ही? ही घोडी? म्या खरी घोडी म्हणालो व्हतो! जित्ती! चार पायाची!"

करवत थांबवून मिस्त्री हळूच म्हणाले, "चारच व्हते. आता आठ झालेत."

"अरे, आठ पायांवर नवरदेव बसवू का मी!" मामांनी हात उगारला, शीटवर आपटायला. करवत शीटमध्ये तशीच उभी होती.  एक दणका बसला असता तर दार, खोली, माझा शब्द, सगळंच गेलं असतं.

"हात नका लावू, मामा," मिस्त्री कुजबुजले. "जागी हुईल."

काय त्या आवाजात होतं कुणास ठाऊक, पण भोकरदनच्या बैठकीत पंचवीस माणसांना गप्प करणारे किसनमामा हात तसाच हवेत धरून थांबले. मग त्यांनीही आवाज उतरवला आणि मला कुजबुजत विचारलं, "कोण जागं हुईल?"

"ते नंतर सांगते. तुम्ही टेम्पो घेऊन जांबला पळा. घोडी टेम्पोत घाला आणि आणा. तोवर पोरीला देवळात सावलीला बसवा. पाणी द्या तिला."

मामा गेले, अंगणातून बाहेर पडेपर्यंत चवड्यांवर चालत गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चुकीबद्दल देवाचे आभार मानले. त्या चुकीनं आम्हाला वेळ मिळवून दिला होता.

करवत पुन्हा चालू झाली. हात राहिला, वीत राहिली. इथंच मागच्या वेळी कोपरा उडाला होता. मी डोळे मिटून घेतले. आवाज थांबला. कड्कन काही वाजलं नाही, काही पडलं नाही. डोळे उघडले तर शीट होती तशीच, अख्खी. "काय झालं? अडकली का करवत?" मी विचारलं. मिस्त्रींनी उत्तर न देता कडेची पट्टी दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. दार कापून झालं होतं. कड सुरीनं कापल्यासारखी, एक सालपट उठलेलं नाही. मी तिथंच मटकन खाली बसले आणि या खेपेला पदर तोंडाला लावून रडले.

बिजागऱ्या, कडी, सगळं त्यांनी भराभर केलं. या माणसाला घाई येते हे मी तेव्हाच बघितलं. दार लागलं. कडी आतून बसली. मी चटई झाडली, नवी चादर अंथरली, भुसा लोटला. उन्हं पत्र्यावरून उतरत होती.

"वैनी," मिस्त्री बाहेरून म्हणाले, "दार लावून घ्या आन आत काहीतरी बोला."

"एकटी काय बोलू?"

"काहीबी. नवऱ्याला बोलता तसं."

मी कडी लावली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं. घोडी, बशी, कापूस, दिराच्या लग्नात हुकलेलं मिरवणं, एकही गोष्ट सोडली नाही. दार उघडलं तर मिस्त्री भिंतीला कान लावून उभे. "समदं ऐकू आलं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "वरडून बोलल्यालं यायचंच. आता हळू बोला."

मी पुन्हा आत गेले. आता सांगायचं काहीच उरलं नव्हतं. ती कोरी खोली, ते बंद दार बघून मला माझं नवेपण आठवलं. तेव्हा जे बोलायचं राहून गेलं होतं त्यातलं एक वाक्य मी हळूच बोलले. बाहेर आले.

"न्हाई आलं," मिस्त्री म्हणाले. त्यांचं तोंड उजळलं. "बिलकुल न्हाई आलं. कापसानं धरलं." मग हत्यारं आवरता आवरता, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "काय बोलल्या?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?" मी जराशी चिडलेच.

"न्हाई, न्हाई. तसं न्हाई. सहज." ते घोडीचे दांडे आत सारायला लागले. एक दांडा सारला आणि थांबले. "आमची एकच खोली व्हती. आई-बाप, दोन भाऊ. मदी आमच्यापुरता धोतराचा पडदा. ती काही सांगाया लागली की म्या म्हणायचो, हळू. मंग ती म्हणायची, राहू द्या, मंग बोलू. पुना काही निघालं की पुना तेच. मंग बोलू."

मी हातातला झाडू बाजूला ठेवला.

"आता आई-बाप गेले. भाऊ येगळे झाले. पोरगी दिली. घर मोकळं हाय, दोघंच असतो. ती ताट वाढती, म्या जेवतो. म्या काम सांगतो, ती करती. भांडण बी न्हाई." त्यांनी दुसरा दांडा सारला. "पर ते मंग बोलू म्हणल्यालं तसंच राह्यलं. आता कुठून सुरू करावं ते समजंना."

  या माणसाला मी सकाळपासून किती शिव्या मोजल्या होत्या, आणि तो माझ्या जावेसाठी भिंतीत कापूस भरत होता. शेवटी मी म्हणाले, "सोपं काहीतरी विचारा. जेवलीस का, एवढंच विचारा आज."

"जेवलीस का," ते पुटपुटले. जणू एखादं माप पाठ करत होते.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली होती. ज्या टेम्पोतून वऱ्हाड आलं होतं त्यातूनच घोडी आली होती, आणि आता वरात गल्लीच्या दिशेनं निघाली होती. मी त्यांना जेवून जायला सांगितलं. नको म्हणाले. घोडी पोत्यात गुंडाळून त्यांनी लुनावर बांधली आणि निघाले. फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि एक पाय टेकवून मागं वळले.

"वैनी, जेवलीस का म्हणून इचारलं आन ती हो म्हणली, तं मंग पुढं काय म्हणायचं?"

ताशा ऐन कोपऱ्यावर आला होता. माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी अंगणातून जीव खाऊन ओरडले, "काय केलं होतंस, ते विचारा! आणि उत्तर पुरं होईपर्यंत उठू नका!"

त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, आणि वरात गल्लीत शिरायच्या आत दुसऱ्या वाटेनं घराकडं गेले.